दुष्काळातून आलेली पंडिता

सोलापूरहून पुण्याला निघालेली गाडी मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर, भिगवण करीत दौंडला येते. तिथे चहा होतो, डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी संपते आणि पुणे आता जवळ आले म्हणून मंडळी सामानाची आवराआवर करू लागतात. याच गडबडीत पाटसनंतर थोड्या वेळाने केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन खिडकीतून मागे पडते. जलद गाड्या तिथे क्वचितच थांबतात. सोलापूरच्या किती तरी पिढ्या या स्टेशनावरून गेल्या असतील, पण मान वळवून पाहिलेले थोडेच. या केडगावात एका बाईने एकेकाळी सुमारे दोन हजार उपाशी, निराधार बायका-मुलांना जेवू घातले, शिकवले, हाताला काम दिले. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात रमाबाईंची ओळख दोन-चार ओळींत उरकलेली असते. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, पुढे ख्रिस्ती झाल्या, एवढेच. या ‘पुढे ख्रिस्ती झाल्या’ पाशी आपल्याकडचे बरेच लेखक घुटमळतात. कुणी ते घाईने सांगून पुढे जातात, तर कुणी त्याखेरीज दुसरे काही सांगतच नाहीत. मला मात्र त्यांच्या आयुष्याचा धागा दुसरीकडेच सापडतो. तो धागा आहे भुकेचा.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. पुण्यापासून दिक्सळपर्यंतची आगगाडी त्याच वर्षी सुरू झाली, म्हणजे केडगावच्या माळावरून रूळ गेले त्या वर्षी ही मुलगी दूर कर्नाटकात, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे जन्मली. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, आणि तितकेच हट्टी. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांच्या कानी आले होते. आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे, हे त्यांनी मनात पक्के केले. गावात ते कुणालाच रुचले नाही. वादविवाद झाले, पंडितांसमोर जाऊन आपले म्हणणे शास्त्राधारे मांडावे लागले. शेवटी माणसांचा नाद सोडून ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन रानात राहायला गेले. तिथे आश्रम झाला, विद्यार्थी आले. धाकट्या रमेला संस्कृत शिकवले ते आईने. पहाटे उजाडण्यापूर्वी, घरकामाला लागायच्या आधी, मुलीला जवळ घेऊन ही माउली श्लोक म्हणून घेई. पोथी हाती नसतानाच भागवताचे हजारो श्लोक मुलीला पाठ झाले.

आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता शास्त्रीबुवांची गाठीची पुंजी संपली. मग हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक पुढे ठेवतील त्यावर राहायचे, आणि पुढच्या गावाला चालू लागायचे. रमेचे बालपण असे चालण्यात गेले. तिचे लग्न मात्र वडिलांनी लहानपणी केले नाही. थोरल्या मुलीच्या लग्नाचा वाईट अनुभव गाठीशी होता.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण सांगणाऱ्यापुढे कोण काय ठेवणार? होते ते दागिने, भांडी, वस्त्रे एकेक करून विकली. शास्त्रीबुवांची मुले विद्वान होती, पण मजुरी करायला शिकलेली नव्हती, आणि भीक मागायला अभिमान आड येत होता. उपवास, व्रते, देवळातल्या प्रदक्षिणा चालूच होत्या. शेवटी रानातला पाला खाण्याची वेळ आली. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण मजुरी करू, पण हे नको, असे म्हणाला. बेत रहित झाला, पण वडील वाचले नाहीत. पाठोपाठ आई गेली. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे जण आले, तिसरा श्रीनिवास, आणि चौथा खांदा रमेने दिला. उंचीने ती लहान, म्हणून खांद्याऐवजी तिला तो भार डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान काही मैलांवर होते. पुढे थोरली बहीणही गेली.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला दुष्काळ काय हे समजावून सांगायला नको. दुष्काळाची कामे म्हणून बांधलेला आष्टीचा तलाव आपल्या मोहोळ तालुक्यात आजही आहे, आणि 1972 सालची खडी फोडणारी माणसे, सुकडीची पाकिटे, रेशनचा मिलो अजून अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येतात. पण 1972 साली निदान रोजगार हमी नावाची काही एक सोय आकाराला येत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दोन भावंडांना असा कोणताच आधार नव्हता. ती दोघे चालत राहिली. दक्षिणेतून थेट पंजाब, काश्मीरपर्यंत. थंडी असह्य झाली की नदीकाठी खड्डे खणायचे, त्यात निजायचे आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घ्यायची. देवावरचा तिचा विश्वास याच वाटेवर डळमळू लागला होता.

1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या तिला तिथे मिळाल्या. कालपर्यंत वाळूत निजणारी मुलगी एकाएकी सभांमधून गाजू लागली. पण 1880 मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार सिल्चरला झाला, कन्या मनोरमा जन्मली, आणि लग्नाला दोन वर्षे होण्याआधीच, फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी मुलीला कडेवर घेऊन रमाबाई आपल्या माणसांच्या महाराष्ट्रात, पुण्यास आल्या.

पुण्याने त्यांचे स्वागत केले हे नमूद करायला हवे. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी मंडळी पाठीशी उभी राहिली. आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि त्याच्या शाखा काढीत रमाबाई गावोगाव फिरल्या. त्यांत आपले सोलापूर होते, बार्शी होती, पंढरपूर होते. सोलापूरच्या ज्या वाड्यांत त्या काळी माजघराबाहेर पाऊल टाकायलाही बायका बिचकत, तिथे एक तरुण विधवा उभी राहून शिकण्याविषयी बोलते, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. त्याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, असे बजावले.

डॉक्टर व्हावे असे त्यांनाही वाटत होते. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर 1883 साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या उतरल्या. वैद्यकीचे स्वप्न मात्र तिथे संपले. दुष्काळाच्या दिवसांपासूनच ऐकू कमी येत होते, ते आता इतके वाढले की व्याख्याने ऐकणे अशक्य. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात लहान मुलीला पोटाशी धरून बसलेल्या रमाबाईंच्या मनाचे काय झाले असेल!

आणि याच काळात त्यांनी लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम पाहिला. समाजाने पतित म्हणून झिडकारलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि मठातल्या भगिनी त्यांची मायेने शुश्रूषा करीत होत्या. त्या बायकांपैकी काही सुधारून स्वतःच आता दुसऱ्यांची सेवा करू लागल्या होत्या. रमाबाईंना हे नवे होते. अशा स्त्रियांना सावलीला उभे न करणारा समाज त्यांनी पाहिला होता, त्यांना हात देणारा प्रथमच पाहत होत्या. हे कशामुळे, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लोकांनी दूर लोटलेल्या बाईशी येशू बोलत बसतो, ती ही कथा. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात गदारोळ झाला. तो होणारच होता. पण तिकडेही सारे आलबेल नव्हते, हे फारसे कुणी सांगत नाही. अनंतशास्त्र्यांची मुलगी बिशपने सांगितले म्हणून मान डोलावणारी नव्हती. धर्मतत्त्वांवर तिने मठातल्या भगिनींशी लांबलचक वाद घातले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत अक्षरे का नकोत, हाही तिचा प्रश्न होता. मांसाहार तिने स्वीकारला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असताना तिने पुरुषांना शिकवू नये असा आक्षेप धर्माधिकाऱ्यांकडून आला, तेव्हा ती संतापली. वडिलांनी आईला शिकवले म्हणून गाव सोडले, त्यांच्या मुलीला आता नवा गाव नवी बंधने घालू पाहत होता. हिंदू समाजाला ती परकी झाली आणि ख्रिस्ती धर्मगुरूंना हट्टी वाटली. दोन्हीकडची बोलणी तिने सोसली, पण आपली बुद्धी कुणाकडे गहाण टाकली नाही. मला हा भाग त्यांच्या पांडित्यापेक्षाही मोठा वाटतो.

1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. काही आठवड्यांसाठी गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यान शिक्षण शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ निघाले, आणि दहा वर्षे मदत देण्याचे त्या मंडळाने कबूल केले. अट एकच, शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंना पदवी मिळाली तीही 11 मार्चचीच. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. हीच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली, म्हणजे आपल्या बाया कर्वे. कर्व्यांच्या पुनर्विवाहामागे आणि पुढच्या हिंगण्याच्या कार्यामागे शारदा सदनाचा असा घरगुती संबंध आहे.

सदन पुण्याला आले आणि वादळ उठले. शाळेत धर्म शिकवला जात नव्हता हे खरे. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, पालकांनी मुली परत नेल्या. यात चूक कुणाची? पालकांच्या बाजूने पाहिले तर त्यांची भीती खोटी नव्हती. गुरूवर जीव असलेल्या लहान मुलीला उघडे दारसुद्धा आमंत्रणच वाटते. रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना कडी लावून बसायचे हे त्यांना लबाडीचे वाटले असणार. या प्रश्नाचे उत्तर अजूनही मला एका बाजूला झुकवता येत नाही. परत नेलेल्या मुलींपैकी अनेकींची पाटी-पेन्सिल मात्र कायमची सुटली असेल.

त्यांच्या अंतर्यामीची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी मोकळेपणाने म्हटले आहे की, बाप्तिस्म्यानंतरची बरीच वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. बुद्धीला पटले होते, जिवाला शांती नव्हती. ती त्यांना 1891 च्या सुमारास लाभली. म्हणजे पुण्यात सगळे साथीदार सोडून चालले होते तेव्हा ही बाई आतून स्थिर झालेली होती. नाही तर 1893 नंतर सदन बंद करून पुन्हा अमेरिकेला निघून जाणे काही अवघड नव्हते.

अमेरिकेची मदत दहा वर्षांनी संपणार, तेव्हा सदनाला स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे, या हिशेबाने त्यांनी केडगावला जमीन घेतली. ओसाड, खडकाळ माळ. तिथे विहिरी खणल्या, फळझाडे लावली. आणि 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या.

त्या ऐकताच रमाबाईंना आपले जुने दिवस आठवले. आईची तिरडी, रानातला पाला, वाळूचे पांघरूण. जवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून हिंडल्या. हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली. त्याहून भयंकर म्हणजे, निराधार तरुण मुलींवर टपून बसलेली माणसे पाहिली. वीस वर्षांपूर्वी या मुलींच्या जागी आपणच होतो, आणि भाऊ बरोबर होता म्हणून वाचलो, हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसणार. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी बरोबर आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगने थैमान घातलेले. शहरात इतकी माणसे ठेवायला मनाई झाली. मग केडगावच्या माळावर तंबू, झोपड्या उभ्या राहिल्या. शेतातून उत्पन्न यावे म्हणून घेतलेली ती जमीन अशी माणसांनी भरली. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी हेळसांड पाहून त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारवर उघड टीकाही केली. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रजांच्या ओंजळीने पाणी प्यायल्या नाहीत.

तीनशे माणसे आणणे सोपे, पुढचे अवघड. आलेल्या मुलींच्या अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटात जंत. उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढले तर ते दगावते, म्हणून थोडे थोडे, वेळेवर भरवावे लागे. कित्येकींना स्वच्छतेची सवयच उरलेली नव्हती. भाकरी मिळाली की ती चोरून अंथरुणात लपवायची, हा दुष्काळी पोराचा स्वभाव. पुन्हा उद्या मिळेल यावर त्याचा विश्वासच नसतो. रमाबाईंनी स्वतः हे सारे भोगले होते, त्यामुळे पोरींच्या या वागण्याचा त्यांना अर्थ लागत होता.

यालाच पुढे ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. 1899-1900 च्या छप्पन्नच्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो मुली आल्या, आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन हजार तोंडांचा स्वयंपाक! घरात दहा पाहुणे आले तरी आपण गॅसची टाकी हलवून बघतो. तिथे सरपण, पाणी, धान्य, दळण सगळे तिथल्याच बायकांनी उभे केले. शाळा होती, शिवाय विणकाम, शेती, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना आणि पुस्तकबांधणी. आपल्या गिरणगावात बायकांनी साच्यावर काम करणे नवलाचे नव्हते, पण खिळे जुळवून पान छापणाऱ्या खेड्यातल्या पोरी ही त्या काळी अपूर्वाई होती. फसवल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन झाले. अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन झाले आणि तिथे मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. पुढे याच मनोरमाबाईंनी सोलापूरपलीकडे, निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यात मुलींसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला.

दुष्काळाचा फायदा घेऊन धर्मांतरे केली, ही टीका तेव्हाही झाली, आजही होते. मुक्तीत आलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेक ख्रिस्ती झाल्या हे लपवण्यात अर्थ नाही. रमाबाईंनीही ते लपवले नाही. आता मदतीला धर्मशिक्षण नको अशी अट उरलेली नव्हती, आणि त्यांना जे सर्वांत मोलाचे वाटत होते ते त्या मुलींना देत होत्या. टीकाकारांविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की, मध्य प्रांतातल्या छावण्यांच्या दारात त्या मुलींना न्यायला दुसरे फारसे कुणी उभे नव्हते.

रमाबाईंचे स्वतःचे राहणे साधे होते. पांढरे जाडेभरडे लुगडे, कापलेले केस, शाकाहार. जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. या बहिरेपणाचे त्यांनी एक प्रकारे सोने केले. मधल्या काळात त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या आणि बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. भाषांतरे आधी होती, पण ती खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कळत नव्हती. संस्कृतात पंडितांना जिंकणाऱ्या या बाईने आयुष्याची शेवटची दीड-दोन दशके साधे मराठी लिहिण्यासाठी खर्च केली. नवा करार 1913 मध्ये निघाला. जुन्या कराराचे काम चालूच होते.

1919 मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. पण 1921 च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची, आईचे सारे काम सांभाळणारी एकुलती एक मुलगी. ज्या पोरीला कडेवर घेऊन पुणे गाठले, जिला घेऊन समुद्र ओलांडला, ती पुढे गेली आणि पुन्हा एकदा रमाबाई मागे राहिल्या. त्यांची प्रकृतीही ढासळली होती. तरी सकाळी भाषांतराचे कागद समोर येत आणि दुरुस्त्या होऊन छापखान्यात जात.

5 एप्रिल 1922 रोजी केडगावातच रमाबाई निवर्तल्या. शेवटची मुद्रिते नुकतीच तपासून झाली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्या बायबलची पाने मुक्तीतल्या मुलींनी जुळवली, छापली, बांधली. पुस्तक पुरे होऊन बाहेर पडले ते 1924 साली.